वरच्या बाईंचे दोन प्रश्न

जगात लाजेचं वाटप चाललं होतं तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी खिडकीपाशी भांडत उभ्या होत्या, कारण त्यांच्या वाट्याला ती अजिबात आलेली नव्हती. टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या आमच्या इमारतीत त्या राहायला आल्या त्याच दिवशी लिफ्टमध्ये आमची पहिली भेट झाली. माझ्या हातात बटाट्यांची पिशवी, शेजारी नवरा, त्याच्या शेजारी वरच्या मजल्यावरचे गुजराती काका आणि कोपऱ्यात एक जपानी आजी. बाईंनी माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं, "मराठी ना?" एवढं विचारून घेतलं आणि पुढचा मजला यायच्या आत म्हणाल्या, "मूल हवंय की नकोय? आणि रक्त तपासून घेतलंयस का? एचआयव्हीचं म्हणतेय मी." काका लिफ्टचे आकडे वाचू लागले. नवऱ्याला खोकला आला. पहिल्या प्रश्नाला मी "इतक्यात नकोय" म्हणून हसले आणि दुसऱ्याचं उत्तर द्यायच्या आत सुदैवाने आमचा मजला आला. लिफ्टचं दार बंद होताना बाईंचा आवाज ऐकू आला. त्या काकांना विचारत होत्या, "तुमचं काय?"

बाई म्हणजे डॉक्टरीणबाई. पण त्यांच्या जिल्ह्यात त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. आयुष्यभर सरकारी जिल्हा रुग्णालयात बाळंतपणं केलेली ही बाई निवृत्त व्हायच्या सुमारास योकोहामाच्या एका विद्यापीठात संशोधनाची फेलोशिप मिळवून जपानला आली, आणि तीही कधी, तर मोठ्या भूकंपानंतरच्या वसंतात, जेव्हा किरणोत्साराच्या भीतीने अर्धं फुनाबोरी मुलाबाळांना घेऊन भारतात पळालं होतं आणि दुकानात पाण्याची बाटली दिसली तर लोक एकमेकांना फोन करून सांगत होते. विमान रिकामं असल्याने आपण आडव्या होऊन झोपत आलो, याचाच त्यांना फार आनंद झाला होता. त्यांचा विषय एका वाक्यात मावणारा होता आणि तो त्या रोज निदान एकदा तरी मांडत. कुटुंबनियोजनाची खोली आणि एचआयव्हीची खोली वेगवेगळी कशाला? बाई एकच, तिचं शरीर एकच, रात्र एकच, मग डॉक्टर दोन आणि रांगा दोन का? एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर बसून तिला दोन्ही विचारा. बस्स. एवढ्यासाठी एखादी बाई समुद्र ओलांडून येते यावर आमच्या मंडळींचा विश्वास बसत नसे. "रिसर्च म्हणजे काहीतरी अजून असेल ना?" असं एका पीएचडी करणाऱ्या मुलीने मला हळूच विचारलं होतं. अजून काही नव्हतं.

हे दोन प्रश्न त्या कुणालाही विचारत. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना, किराणा दुकानात हिंगाची डबी हातात घेऊन, हळदीकुंकवाला कपाळ पुढे करताना. नव्या जोडप्यांना विचारत, लग्न न झालेल्या पोस्टडॉकना विचारत आणि मुलाकडे चार महिने राहायला आलेल्या सासऱ्यांनाही विचारत. एका बँकेच्या साहेबांचे वडील असेच पुण्याहून आले होते. त्यांना बाईंनी सत्यनारायणाच्या पूजेत गाठलं. ते बिचारे म्हणाले, "मूल आता कसलं, नातू दहावीला आहे. रक्त मात्र तपासतो नेहमी, थोडी साखर आहे." बाईंनी त्यांना तिथेच, पोथी चालू असताना, कुठलं रक्त ते समजावून सांगितलं. आजोबा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत असं त्यांची सून सांगत होती. बाईंना कार्यक्रमांना बोलवायचं की नाही यावर इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा चर्चा झाली. पण त्यांच्या हातची आंबाडीची भाजी इतकी चांगली असायची आणि ती आंबाडी त्या टोकियोत कुठून मिळवतात हे गुपित फक्त त्यांना माहीत होतं, त्यामुळे चर्चा तिथेच थांबायची.

मी मात्र बाईंना टाळत असे, आणि त्याचं कारण लाज हे नव्हतं. लिफ्टमधल्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. मला एचआयव्ही आहे. बाई यायच्या आदल्या वर्षी, एका किरकोळ शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत ते कळलं. नवऱ्याला नाही. औषधं रोज घेतली की माणूस ठणठणीत राहतो हे तोवर आम्हाला समजलं होतं आणि मी ठणठणीत होतेही. दमलेली होते एवढंच. औषधांचं रुग्णालय शहराच्या एका टोकाला, बायकांचं क्लिनिक दुसऱ्या टोकाला आणि कावासाकीतली माझी नोकरी तिसऱ्या. ऑफिसात मी दर वेळी दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगायचे. शेवटी माझ्या दातांची कीर्ती एवढी पसरली की आमच्या विभागाचे प्रमुख ओसाकाहून येताना मिठाईऐवजी माझ्यासाठी मऊ ब्रश घेऊन आले. औषधांच्या रुग्णालयातले डॉक्टर अतिशय सभ्य. आकडे छान आहेत म्हणायचे, काळजी घ्या म्हणायचे आणि मान लववायचे. मला मूल हवंय का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ते त्यांच्या खोलीचं काम नव्हतं. क्लिनिकमधल्या डॉक्टरणींनी मूल नको म्हणून गोळ्या लिहून दिल्या. मी दुसरी कुठली औषधं घेते हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण रिसेप्शनवरची मुलगी आमच्याच गल्लीत राहायची. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारायच्या, आम्ही "करिअर" असं उत्तर द्यायचो. आणि मला मूल हवं होतं. इतकं हवं होतं की पार्कात आया मुलांना झोके द्यायच्या तो रस्ता मी टाळायचे. पण हे वाक्य मी नवऱ्यापाशीसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं, कारण त्याने "चालेल" म्हटलं असतं आणि मग पुढे काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

बाईंना टाळणं मात्र फार दिवस जमलं नाही, कारण कचरा. कुठलीही गोष्ट दोन खिडक्यांत वाटलेली दिसली की बाईंचं डोकं फिरत असे. वॉर्ड ऑफिसात विम्याची खिडकी वेगळी आणि पत्त्याची वेगळी म्हणून त्या दोन खिडक्यांच्या बरोबर मधोमध जाऊन उभ्या राहिल्या होत्या, दोन्हीकडची माणसं आपापल्या जागेवरून उठून त्यांच्याकडे येईपर्यंत. अशा बाईला या देशाने कचरा वेगळा करायला सांगितला. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, बाटल्यांची झाकणं आणखी वेगळी. त्यांची पिशवी दर आठवड्याला चूक दाखवणारी चिठ्ठी लावून दारात परत यायची. मग ती पिशवी घेऊन त्या माझ्याकडे उतरत आणि मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून त्यांचा कचरा निवडत बसे. "माणसांनाही असंच निवडतात गं," त्या ओट्याला टेकून म्हणायच्या. "ही पाळणा लांबवणारी, ही आजारी, ही बाळंतीण. आजारी बाळंतीण कुठल्या पिशवीत टाकायची, ते कुणाला ठाऊक नसतं." मी त्यांच्या दह्याच्या डब्यावरचं कागदी वेष्टण सोलत असायचे. मान वर करायचे नाही.

एकदा इमारतीची देखभाल करणारे आजोबा माझ्या दाराशी आले. पाच मिनिटं हवेबद्दल बोलले. मग फार कष्टाने म्हणाले की वरच्या परदेशी बाईंच्या पारदर्शक पिशवीत काही वस्तू दिसल्या, फार मोठ्या संख्येने, पाकिटांतल्या, आणि रहिवाशांत जरा कुजबुज आहे. त्या बाईंचा काही व्यवसाय वगैरे आहे का? बाईंनी प्रात्यक्षिकासाठी भारतातून आणलेल्या निरोधची मुदत संपली होती, म्हणून त्यांनी ते सगळे एकदम टाकून दिले होते. मी आजोबांना समजावत असताना बाई स्वतःच जिना उतरून आल्या आणि दुभाषी आयती सापडल्यामुळे त्यांनी आजोबांनाही ते दोन प्रश्न विचारले. मी भाषांतर करणार नाही म्हटलं. "कर," बाई म्हणाल्या. मी जितक्या सौम्य शब्दांत करता येईल तितकं केलं. आजोबांनी खूप विचार केला. मग त्यांनी सांगितलं की मुलं तीन झाली, तेवढी पुरेशी आहेत, रक्ताचं मात्र पुढच्या तपासणीत विचारून पाहतो. आणि ती पाकिटं जळणाऱ्या कचऱ्यात टाकावीत, पण वर्तमानपत्रात गुंडाळून.

भूकंपानंतरच्या त्या काळात प्रत्येकाच्या दाराशी एक पाठपिशवी तयार असायची. पाणी, बिस्किटं, टॉर्च, पासपोर्टची प्रत. बाईंच्या पिशवीत बिस्किटं नव्हती. तिच्यात गर्भनिरोधक गोळ्या, निरोध, रक्त तपासायचं साहित्य आणि हातमोजे होते. "शाळेच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं महिनाभर राहतात," त्या सांगत, "तिथे लोकांना नुसती तहान लागते असं वाटतं का तुला? कुणाची रोजची औषधं ढिगाऱ्याखाली राहिलेली असतात. कुणाच्या गोळ्या संपलेल्या असतात. त्या बायका मागतात कुणाकडे?" पाणी मात्र त्या माझ्याकडे मागत.

त्याच पिशवीमुळे पुढचं घडलं. एका सकाळी चांगलाच मोठा धक्का बसला. इमारत बराच वेळ हलत राहिली आणि आम्ही सगळे जिन्याने उतरून समोरच्या मोकळ्या जागेत जमा झालो. नवरा ऑफिसला गेलेला. मी चप्पल विसरले होते, फोन विसरले होते, दाराशी भरून ठेवलेली पाठपिशवीसुद्धा तशीच राहिली होती. हातात फक्त माझ्या गोळ्यांची डबी होती, घट्ट धरलेली. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग हाताकडे. त्या डबीवर कसलं नाव नव्हतं. पण ज्या बाईने आयुष्यभर तसल्या डब्या भरून दिल्या, तिला नावाची गरज नव्हती. आपल्या पायातल्या सपाता काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या आणि स्वतः मोज्यांवर उभ्या राहिल्या.

दोन दिवसांनी त्या नेहमीप्रमाणे कचऱ्याची पिशवी घेऊन आल्या. मी वर्तमानपत्र पसरलं. बाई ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "मूल हवंय की नकोय?"

मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. सत्यनारायणाच्या पोथीतही ज्यांनी तो गाळला नव्हता, त्या बाई माझ्या स्वयंपाकघरात पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. मला रडू आलं. हातात त्यांच्या लोणच्याची रिकामी बाटली होती, तिचं झाकण वेगळं करायचं राहिलं होतं. "हवंय," मी म्हटलं. "मग एवढं काय त्यात," बाई म्हणाल्या, "होतं की." आणि एक सांगते. जो प्रश्न सगळ्यांत आधी ओठांवर येतो, तुला हे झालं कसं, तो त्यांनी त्या दिवशी विचारला नाही आणि पुढे कधीही विचारला नाही. जगातल्या कुणालाही काहीही विचारणारी ही बाई, एवढी एकच चौकशी तिने केली नाही.

पुढच्या वेळी माझी आत्या म्हणून त्या माझ्याबरोबर औषधांच्या रुग्णालयात आल्या. डॉक्टरांसमोर बसल्या आणि मराठीत सुरू झाल्या. त्यांना जपानी येत होतं ते अगदी मोजकं. साधा चहा मागता यायचा नाही, पण गर्भधारणा, तपासणी, गर्भनिरोध हे शब्द त्या अस्खलित म्हणत आणि बाकीचं वाक्य माझ्यावर सोडून देत. "सांग त्यांना, या बाईला मूल हवंय." मी बाईंकडे पाहिलं. "सांग की." मग मी डॉक्टरांना सांगितलं की माझ्या आत्याचं म्हणणं आहे, या रुग्ण बाईंना मूल हवं आहे. जे मी मराठीत नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते पहिल्यांदा असं बोलले, परक्या भाषेत, स्वतःला या बाई म्हणत. डॉक्टरांनी दातांतून हवा आत ओढली. इथे ते चांगलं लक्षण नसतं. मग ते म्हणाले, या विषयात स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत लागेल. बाईंनी विचारलं, ते कुठे बसतात? वरच्या मजल्यावर. मग बोलवा. तशी पद्धत नाही, आधी पत्र द्यावं लागतं, मग तारीख मिळते. बाईंनी पर्स मांडीवर घेतली, तिच्यावर हात ठेवले आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या. वॉर्ड ऑफिसातली ती दोन खिडक्यांमधली बाई मला आठवली. डॉक्टरांनीही काय ते ओळखलं असावं. त्यांनी फोन उचलला.

थोड्या वेळाने स्त्रीरोगतज्ज्ञ जिना उतरून आल्या. चाळिशीतल्या, धाप लागलेल्या. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या वरखाली वर्षानुवर्षं काम करणारे ते दोन डॉक्टर माझ्यासमोर उभे राहिले, दोघांनी खिशातून आपापलं व्हिजिटिंग कार्ड काढलं, दोन्ही हातांनी एकमेकांना दिलं, वाकून नमस्कार केला आणि पहिल्यांदाच भेटल्याचा आनंद व्यक्त केला. बाईंनी माझ्या कानाशी विचारलं, "ही काय सोयरीक चाललीय?" मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मग बसला, आणि त्या इतक्या हसल्या की नर्सने पाण्याचा पेला आणला. डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे निदान चहाच्या टपरीवर तरी भेटतात गं."

दोघं माझ्याशी एकाच टेबलाशी तासभर बोलले. माझ्या गोळ्यांचं आणि क्लिनिकच्या गोळ्यांचं आपसात पटतंच असं नाही, हे त्या तासात निघालं. इतके दिवस ते कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. एक औषध बदललं. नवऱ्याला धोका न होता दिवस कसे राहतील, बाळाला लागण होऊ नये म्हणून काय करायचं, ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "सगळं जमण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या, "आधी का नाही विचारलंत?" मी बाईंसाठी त्याचं भाषांतर केलं नाही. परतीच्या गाडीत बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

वर्षभराने मुलगी झाली. शस्त्रक्रियेने झाली, दूध बाटलीचं, आणि तिच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. बारशाला मंडळातल्या बायका आल्या आणि बाटली पाहून व्हायची ती चौकशी सुरू झाली. एक वहिनी तर अडूनच बसल्या. आईचं दूध का नाही, येत नाही की द्यायचं नाही? बाई पाळण्याच्या पलीकडून म्हणाल्या, "ते राहू दे. तुझं सांग, तिसरं हवंय की नकोय? आणि रक्त तपासलंयस का?" वहिनी लगबगीने घुगऱ्या वाढायला गेल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेली दोन वर्षं ही बाई दिवसाआड माझ्या घरी येत होती, माझ्याबरोबर रुग्णालयात जात होती, आणि अख्ख्या फुनाबोरीत एकालाही संशय आला नव्हता, कारण त्या सगळ्यांच्याच मागे लागलेल्या असत. मी त्यांना तसं म्हटलं. "सगळ्यांना विचारलं की कुणालाच विचारल्यासारखं होत नाही," त्या पाळण्याची दोरी ओढत म्हणाल्या. "खोली एक असली की आत कोण कशाला गेलं ते बाहेर कळत नाही. इतकंच तर सांगतेय मी लोकांना."

लोकांनी ऐकलं नाही. फेलोशिप संपताना योकोहामाला त्यांचं व्याख्यान झालं, मीही मुलीला घेऊन मागे बसले होते. श्रोते अतिशय नम्रपणे झोपले, उठून टाळ्या वाजवल्या. एका विभागाने सांगितलं की विषय महत्त्वाचा आहे पण दुसऱ्या विभागाचा आहे. दुसऱ्या विभागानेही तेच सांगितलं. त्या दिवशी बाई पहिल्यांदा थकलेल्या दिसल्या. स्टेशनवरच्या बाकावर बसून त्यांनी मला त्यांच्या रुग्णालयातल्या एका बाईची गोष्ट सांगितली. ती त्यांच्याकडे तांबी बसवायला आली होती. बाईंनी तिला रक्त तपासायला दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं. ती खोली व्हरांड्याच्या त्या टोकाला, आणि व्हरांड्यात तिच्या गावची माणसं बसलेली. "एवढासा व्हरांडा गं," बाई म्हणाल्या. "नाही गेली. घरी गेली. तिला काय होतं, ते मला फार उशिरा कळलं." गाडी आली आणि आम्ही उठलो.

बाई भारतात परतल्याला आता बरीच वर्षं झाली. भाचीकडे असतात. भाची सांगते, बाई आताशा फार विसरतात. माणसं ओळखत नाहीत, जेवल्या की नाही ते आठवत नाही. जपान तर पार पुसून गेलं आहे. प्रश्न मात्र आहेत. सकाळी दूधवाल्याला विचारतात, फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीला विचारतात, दोन्ही एका दमात, आणि भाची बिचारी सगळ्यांची माफी मागत फिरते. मी रविवारी फोन करते. माझी मुलगी स्क्रीनमध्ये डोकावून जपानीत विचारते, या आजी मला ओळखतात का? मी तिला मराठीत सांगते की तू यायच्या आधीपासून ओळखतात. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहतात. माझं नाव त्यांना सापडत नाही. मग त्या विचारतात, "मूल हवंय की नकोय?"

आणि थांबतात. दर वेळी तिथेच थांबतात. दूधवाल्यालाही न चुकलेला तो दुसरा प्रश्न मला त्या विचारत नाहीत. मी कोण ते त्यांना आठवत नाही, पण मला काय विचारायचं नाही ते आठवतं.

"हवंय, बाई," मी म्हणते.

"मग उद्या ये," बाई म्हणतात. "दोघा डॉक्टरांना एकाच खोलीत बसवते."

"येते," मी म्हणते.